खुडूक कोंबडीची एकवीस दिवसांची मुदत

दिवाळीचा फराळ सरतो, हरभऱ्याची पेरणी आटोपते, पहाटे अंगावरची वाकळ दूर लोटणे जिवावर येऊ लागते, आणि अशाच एखाद्या सकाळी, एरवी ज्वारीचे दाणे फेकण्यासाठी हात उचलताच सर्वांच्या आधी धावत येणारी आणि शेजारणीला टोचून बाजूला सारणारी कोंबडी अंगणात हजेरी देत नाही. मांजराने नेली की मुंगसाने, असा तर्क करीत शोधाशोध केली म्हणजे ती गोठ्यातील गव्हांड्याच्या ढिगामागे, पिसे फुगवून नेहमीच्या दुप्पट आकाराची झालेली, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी निश्चल बसलेली आढळते. हात पुढे करावा तर घशातल्या घशात गुरगुरून मनगटावर चोचीचा असा प्रहार करते की त्या जागेचा कब्जा आता कोणाकडे आहे याविषयी संशय उरू नये. हीच खुडूक कोंबडी. तोंड फुगवून घराच्या कोपऱ्यात बसलेल्या माणसालाही आपण खुडूक म्हणतो, परंतु त्यात कोंबडीवर थोडा अन्यायच होतो. माणूस बहुधा काम टाळण्यासाठी बसतो, आणि ही तर आयुष्यातील सर्वांत कष्टाच्या कामाला बसलेली असते.

खुडूकपणा हा रोग नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. बारा-पंधरा अंड्यांची एक खेप घालून झाली म्हणजे देशी कोंबडीच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचा स्राव वाढतो, त्याच्या प्रभावाने अंडाशय आक्रसून अंडी येणे थांबते, तुरा फिका पडून लहान होतो, छातीखालची पिसे गळतात किंवा ती स्वतःच उपटते, आणि उघड्या पडलेल्या त्या उष्ण कातडीचा अंड्यांना थेट स्पर्श होऊ लागतो. रात्री इतरांबरोबर दांडीवर न चढता ती घरट्यातच राहिली, दिवसातून एकदाच उठून एक मोठी आणि असह्य दुर्गंधीची विष्ठा टाकून परत फिरली, आणि चालताना 'खुडुक् खुडुक्' असा तुटक आवाज, ज्यावरून हा शब्दच पडला असावा, काढू लागली, म्हणजे निदान पक्के समजावे.

अशा कोंबडीबाबत मालकाने करावयाचे मुख्य काम निर्णयाचे आहे, आणि तो पहिल्या दोन-तीन दिवसांतच व्हावयास हवा. पिल्ले काढावयाची असतील तर तिला २१ दिवसांची मुदत पूर्ण आणि निर्वेधपणे द्यावी. काढावयाची नसतील तर त्या जागेवरून तिला विनाविलंब बेदखल करावे. "बसली आहे तर बसू दे, बघू पुढे" असे म्हणून रिकाम्या घरट्यावर महिना महिना सोडून दिलेली कोंबडी खाणेपिणे विसरून वाळते, तिच्या पिसांत उवा आणि पिसवा माजतात, तिची जागा बळकावू पाहणाऱ्या इतर कोंबड्यांशी रोज तंटे होतात, आणि आमच्या घरी आजवर खुडूकपणात ज्या दोन-तीन कोंबड्या दगावल्या त्या सर्व आमच्या या धरसोडीनेच दगावल्या.

बेदखल करण्याचे गावोगाव चालत आलेले उपाय मात्र बहुतेक निर्दय आहेत. नाकपुडीतून पीस ओवून ठेवणे, पाय बांधून उन्हात टाकणे, बादलीतील गार पाण्यात बुचकळणे, हे प्रकार मी लहानपणी पाहिले आहेत आणि त्यांचे समर्थन करण्याची मला इच्छा नाही. तथापि पाण्याच्या उपायात तथ्याचा एक कण आहे, तो हा की पोटाखालची ऊब गेली म्हणजे खुडूकपणा ओसरू लागतो. तेच कार्य जनावराला न छळता साधते. भाजी बाजारातील जाळीदार क्रेट चार विटांवर ठेवावा, आत गवत, काड, पोते असे काहीही न घालता कोंबडी ठेवावी, वरून दुसरा क्रेट पालथा घालून दोरीने बांधावा, दाणा-पाणी भरपूर द्यावे, आणि हे सर्व वाऱ्याच्या, उजेडाच्या, परंतु सावलीच्या जागी असावे. खालून वारा लागत राहिल्याने तीन-चार दिवसांत ती ताळ्यावर येते. सोडल्यावर ती पुन्हा त्याच कोपऱ्याकडे धावली तर आणखी दोन दिवसांची कैद द्यावी. त्यानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत अंडी पुन्हा सुरू होतात.

आता मुदत द्यावयाचे ठरले असेल तर पहिला विचार ऋतूचा करावा लागतो, आणि येथे आपल्या बुलढाणा जिल्ह्याची दोन भागांतली विभागणी विसरून चालत नाही. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि खुद्द बुलढाणा हे घाटावरचे तालुके, आणि मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, मोताळा, जळगाव जामोद, संग्रामपूर हे पूर्णेच्या खोऱ्यातले घाटाखालचे, यांच्या हवेत अंतर असते. दसऱ्यानंतर माघ संपेपर्यंतचा काळ दोन्हीकडे उत्तम. फाल्गुनात घाटाखाली सावध राहावे, घाटावर अजून चालते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत ऐकण्याचे दिवस आले म्हणजे मात्र दोन्हीकडे टोपली आवरून ठेवावी, ती पावसाळा सरेपर्यंत. पावसाळ्यात अंडी फुटतात, पिल्लेही निघतात, परंतु ओल्या जमिनीवर पिल्लांना रक्ताची हगवण लागते आणि आठवड्याभरात निम्मी टोपली रिकामी होते.

उन्हाळ्याचा धडा मला पुस्तकातून मिळालेला नाही. एका वैशाखात, कोंबडी बसलीच आहे तर खेप वाया का घालवावी, अशा लोभाने मी पत्र्याच्या पडवीत तिच्याखाली बारा अंडी मांडली. दुपारी पत्रा असा तापे की कोंबडी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकी, आणि शेवटी अंड्यांवरून उठून मोरीच्या ओल्या जागेत जाऊन बसे. अंड्यातील जीवाला ३७ ते ३८ अंशांच्या आसपासची ऊब लागते, आणि तो चाळिशीच्या पुढे फार वेळ तग धरीत नाही. त्या पडवीत पारा दुपारचे तीन-चार तास त्याच्याही वर असणार. एकविसावा दिवस गेला, चोविसावा गेला, आणि पंचविसाव्या दिवशी एक अंडे आपोआप फुटून जो वास सुटला त्याने शेजारचे लोक चौकशीस आले.

अंड्यांची निवड हा दुसरा विषय, आणि त्यात फसगत फार होते. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी किराणा दुकानातून आणलेली डझनभर पांढरी, एकसारखी, देखणी अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवून तीन आठवडे तिची शुश्रूषा केली होती. दुकानातील ती अंडी पिंजऱ्यातील, कोंबडा कधी न पाहिलेल्या कोंबड्यांची. त्यांतून आमलेटापलीकडे काही निघणे शक्य नव्हते. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरुण, चपळ कोंबडा अंगणात असावा, आणि अंडी मध्यम आकाराची, नितळ कवचाची, सात दिवसांच्या आतली असावीत. मळके अंडे धुऊ नये, कारण कवचावरील सूक्ष्म साय निघून गेली की जंतूंना वाट मोकळी होते. कोरड्या फडक्याने पुसता येईल तेवढे पुसावे, न निघाल्यास ते अंडे तव्यावर जावे हेच उचित. जमा होईपर्यंत अंडी चुलीजवळच्या फळीवर ठेवण्याचा प्रघात सोडून द्यावा. सुमारे २० अंशांच्या खाली गर्भ निद्रिस्त राहतो, त्याच्यावर अर्धवट जागा होऊ लागतो आणि ऊब न मिळाल्याने मरतो. म्हणून माठाच्या तिवईखाली जी ओलसर वाळू असते तिच्यावर एक टोपली ठेवून तीत, निमुळते टोक खाली करून, अंडी ठेवावीत. घरातील सर्वांत थंड जागा तीच.

देशी कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. पौषातल्या थंडीत घाटावर नऊच ठेवावीत, कारण जे अंडे पंखाबाहेर राहते ते रोज बदलते, आणि अशा रीतीने आळीपाळीने सगळीच गारठतात. विषम संख्येचा आग्रह आपल्याकडे आहे. तो पाळल्याने काही बिघडत नाही.

बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज या सुधारित जातींच्या कोंबड्या आता खेड्यापाड्यांत दिसतात. त्या अंडी अधिक देतात, पण खुडूक क्वचितच बसतात, कारण अधिक अंड्यांसाठी केलेल्या निवडीत ही वृत्तीच मागे पडलेली आहे. त्यामुळे त्यांची अंडी देशी दाईच्या पोटाखाली घालण्याचा शिरस्ता पडला आहे. तो वाईट नाही, परंतु अशा संकरित कोंबड्यांचे गुण पुढच्या पिढीत जसेच्या तसे उतरत नाहीत, एवढे जाणून अपेक्षा बेताची ठेवावी. बदकाची अंडी ठेवायची असतील तर मुदत २८ दिवसांची होते आणि कोंबडी तितके दिवस सहसा निभावतेही. शेताच्या बांधावर मोराची अंडी सापडली म्हणून ती आणून खुडूक कोंबडीखाली ठेवण्याचा मोह मात्र, विशेषतः ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपासच्या गावांनी, आवरावा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

बसण्याची जागा काळोखाची, वर्दळीपासून दूर आणि इतर कोंबड्यांपासून निराळी असावी. पसरट टोपली किंवा फुटक्या रांजणाचे बूड घ्यावे, तळाशी दोन बोटे ओलसर माती घालून तिला मुठीने खोलगट आकार द्यावा, तीवर चाळलेली राख भुरभुरावी, मग कडुलिंबाचा वाळका पाला आणि सर्वांवर गव्हांडा. तुरीचे कुटार हाताशी असले तरी घालू नये, टोचते. बुरसा आलेले काड तर मुळीच नको, त्या बुरशीने पिल्लांच्या फुप्फुसांचा रोग होतो. खालच्या मातीची ओल अंड्यांना लागणारी आर्द्रता पुरवते, आणि आपल्या कोरड्या हिवाळ्यात हिचे महत्त्व फार आहे. टोपलीत लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवला म्हणजे वीज कडाडली तरी अंडी 'मरत' नाहीत, असे आमची आत्या मानीत असे. मेघगर्जनेने अंडी मरत नाहीत असे मी तिला एकदा समजावून सांगितले, त्यावर तिने खिळा काढला नाही आणि मीही पुन्हा तो विषय काढला नाही.

खिळ्यापेक्षा बंदोबस्त करावा तो मुंग्यांचा. अंड्याला पहिली चीर पडते तेव्हा आतील ओलाव्याच्या वासाने लाल मुंग्या येतात, आणि कवचातून अद्याप बाहेर न पडलेल्या, प्रतिकारास असमर्थ अशा पिल्लाला त्या आतल्या आत खाऊन टाकतात. टोपली तिवईवर ठेवून तिचे तिन्ही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवले आणि पाण्यावर रॉकेलचे दोन थेंब सोडले म्हणजे हा प्रश्न मिटतो. मांजर, घूस आणि साप यांच्यासाठी रात्री वरून मोठे डालगे पालथे घालून त्यावर दगड ठेवावा.

कोंबडीने स्वतः निवडलेली जागा गैरसोयीची असल्यास स्थलांतर रात्रीच करावे. अंधारात तिला दोन्ही हातांनी पंखांसकट अलगद उचलून नव्या टोपलीत, आधी मांडून ठेवलेल्या दोन-तीन टाकाऊ अंड्यांवर ठेवावे आणि दुसरे दिवशी संध्याकाळपर्यंत ती स्थिर राहते की नाही याची खातरजमा झाल्यावरच खरी अंडी घालावीत. ती सर्व एकाच वेळी घालावीत, नाहीतर काही आज आणि काही चार दिवसांनी फुटतात, आणि पहिली पिल्ले घेऊन कोंबडी उठली की उरलेली वाऱ्यावर सुटतात. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने खूण करावी. इतर कोंबड्या संधी साधून तिच्याखाली आपली अंडी घालून जातात. बिनखुणेचे अंडे दिसले की त्याच दिवशी उचलावे.

यापुढे जी रोजची देखरेख, तीत करण्याजोगे थोडे आणि न करण्याजोगे पुष्कळ. दाणा आणि पाणी टोपलीपासून पाच-सात हात दूर ठेवावे, म्हणजे तिला उठणे भाग पडते, पाय मोकळे होतात आणि घरटे घाण होत नाही. दाणा अख्खा आणि कोरडा द्यावा, ज्वारी, मका, थोडी बाजरी. शिळे कालवण आणि ओला चारा नको, त्याने पोट ढिले होऊन अंडी माखतात. जवळच राख आणि बारीक माती यांचे एक घमेले ठेवावे, त्यात ती लोळून अंगातील उवा झाडते. रोज पंधरा-वीस मिनिटे, हिवाळ्यातल्या दुपारी अर्धा तास, ती बाहेर राहिली तरी अंडी बिघडत नाहीत. दिवसभरात एकदाही उठली नाही तर मात्र उचलावी, आणि उचलताना प्रथम तिच्या पंखाखाली बोटे घालून चाचपावे. कित्येकदा एखादे अंडे काखेत धरलेले असते, आणि घाईने उचलता ते वरून खाली पडून दुसऱ्या दोघांना फोडते. मी पहिल्या वर्षी दर दोन तासांनी डालगे उचलून पाहत असे. आत्या म्हणाली, "तिले तिचं काम समजते, तू तुह्यं पाय." अंडी चोचीने आणि पायांनी दिवसाकाठी अनेक वेळा फिरविणे, कडेची मध्ये आणि मधली कडेला घेणे, हे ती न सांगता करीत असते, त्यात आपला हात नको.

सातव्या रात्री मात्र एकदा हात घालावाच लागतो. पुठ्ठ्याला रुपयाएवढे भोक पाडून मागून बॅटरी धरावी आणि काळोखात एकेक अंडे त्या भोकाला लावून पाहावे. जिवंत अंड्यात मध्ये एक काळा ठिपका आणि त्यापासून चहूकडे पसरलेल्या लाल शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा श्वास क्षणभर थांबतो. स्वच्छ, पिवळसर, रिकामे दिसणारे अंडे निर्बीज. नुसते रक्ताचे कडे दिसल्यास गर्भ मेलेला. ही दोन्ही बाजूला काढावीत. मिसरमध्ये विटांच्या भट्ट्यांतून एका वेळी हजारो अंडी उबविण्याची विद्या फार प्राचीन काळापासून चालत आलेली आहे, आणि तेथील कारागीर अंडे पापणीला लावून उष्णमान ओळखतात. आपल्या बायाही अंडे गालाला लावून 'गार पडलं' किंवा 'बरं हाय' असे सांगतात, ते मी अनेकदा पडताळून पाहिले आहे आणि चूक क्वचितच आढळली.

शेजारीपाजारी दोन-तीन खुडूक कोंबड्या असल्यास त्या एकाच दिवशी बसवाव्यात. सातव्या रात्री निर्बीज अंडी वगळून उरलेली दोघींखाली एकत्र करता येतात आणि तिसरीला नवी खेप देता येते. दुसरा लाभ लसीचा, त्याचा उल्लेख पुढे येईलच.

अठराव्या दिवसापासून अंडी हलवणे, पाहणे, मोजणे सर्व तहकूब. हवा फार कोरडी असेल तर टोपलीच्या कडेच्या मातीवर कोमट पाणी शिंपडावे, एवढेच. विसाव्या दिवशी कान लावला तर कवचातून चिवचिव ऐकू येते, आणि कोंबडीही निराळ्या, हळू सुरात उत्तर देते. पहिल्या छिद्रानंतर पिल्लू बाहेर यायला अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवस लागतो, आणि हा काळ माणसाच्या धीराची परीक्षा पाहणारा असतो. कवच सोलून मदत करू नये. त्या अवधीत पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि कवचाखालच्या पातळ पडद्यातील रक्तवाहिन्या सुकत असतात. वेळेआधी सोलले तर रक्त येते. पोटातील त्या बलकावर पिल्लू दोन दिवस दाण्यावाचून राहू शकते, म्हणून आधी निघालेली उपाशी आहेत या चिंतेने कोंबडीला उठवू नये. तेविसाव्या दिवशी जी अंडी तशीच राहतील ती, न फोडता, खड्ड्यात पुरावीत.

पिल्लांना पसरट थाळीत पाणी ठेवावे आणि तीत खडे टाकावेत, नाहीतर ती भिजून गारठतात. पहिला आठवडा तांदळाची बारीक कणी आणि ज्वारीचा भरडा चालेल, पण नुसत्या धान्यावर पिल्लू वाढत नाही. बाजारातील पिल्लांचे खाद्य अर्धे मिसळावे, किंवा जुन्या लोकांप्रमाणे मडक्यात ओले शेण आणि काड भरून ते बांधावर रात्रभर पालथे ठेवावे. सकाळी आत उधई चढलेली असते. ती थाळीत झटकली की पिल्लांची जी धांदल उडते ती पाहत बसावी.

पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस न टोचता, डोळ्यात एकेक थेंब घालून देता येते. सहा ते आठ आठवड्यांनी दुसरी टोचावी लागते. या रोगाला कुमाऊँमधल्या राणीखेत गावाचे नाव मिळाले ते गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, आणि तेव्हापासून आजतागायत उपाय एकच, प्रतिबंध. लसीची कुपी बहुधा शंभर मात्रांची असते, विरघळवल्यावर दोन तासांच्या आत संपवावी लागते, आणि दहा पिल्लांसाठी ती फोडणे कोणालाही परवडत नाही; आठ-दहा घरांनी एकाच आठवड्यात पिल्ले काढली असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून एकच कुपी बर्फाच्या थर्मासमध्ये आणून एका सकाळी सर्व गल्लीचे काम होते. गावातील बचत गटाने हे मनावर घेतले तर फारच सुकर.

घार आणि कावळा यांचा उपद्रव पहिले तीन आठवडे. तोवर दुपारच्या वेळी आई आणि पिल्ले डालग्याखाली किंवा जाळीत ठेवावीत, सकाळ-संध्याकाळ कोणी मोठे माणूस अंगणात असताना सोडावीत. आकाशात घार दिसताच कोंबडी एक लांब, कर्कश सूर काढते आणि पिल्ले जिथे असतील तिथे जमिनीला चिकटतात. हे शिक्षण त्यांना जी आई देते ते विजेच्या दिव्याखाली वाढलेल्या पिल्लांना मिळत नाही, आणि परसात सोडावयाच्या पिल्लांसाठी मी देशी आईचा आग्रह धरतो तो मुख्यतः यासाठी.

सहा ते आठ आठवड्यांनी एका संध्याकाळी ती पिल्लांना चोच मारून दूर सारते आणि एकटीच दांडीवर चढते. पिल्ले खाली थोडा वेळ ओरडत फिरतात, मग एकमेकांना चिकटून कोपऱ्यात बसतात. त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात खूण करावी, तिच्या दाण्यात मूठभर वाढ करावी, आणि शिंपल्यांचा किंवा अंड्यांच्या भाजलेल्या कवचांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा, कारण पुढची अंडी आता फार दूर नसतात.